गुजरीत घडवून घेतलेली प्रभावळ

देवघरातील अंबाबाईच्या पितळी मूर्तीसाठी आम्ही गेल्या दिवाळीआधी कोल्हापूरच्या गुजरीतील, म्हणजे सराफ बाजारातील, एका दुकानातून चांदीची प्रभावळ घडवून घेतली. दुकानात तयार प्रभावळी पुष्कळ होत्या, परंतु साच्यातून काढलेला आणि कडेला नुसती नागमोडी रेघ ओढलेला पत्रा मनाला पटेना, कारण हा शब्दच काही वेगळे सांगतो. प्रभा म्हणजे तेज आणि आवली म्हणजे ओळ. दीपावलीची दिवाळी झाली, वंशावलीची वंशावळ झाली, तशीच प्रभावलीची प्रभावळ झाली. मस्तकाभोवतीच्या गोल तेजाला प्रभामंडळ म्हणतात. चंद्राभोवती कडे पडते त्याला आपण खळे म्हणतो, आणि मळणीची जागाही खळेच. ग्रीक भाषेतील ‘हालोस’ या शब्दाचे नेमके हेच दोन अर्थ आहेत व इंग्रजीतील ‘हेलो’ त्याच्यापासूनच आला, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. प्रभावळ मात्र मूर्तीमागे कमानीसारखी उभी राहते आणि तिच्यात तेजाची ओळ दिसावी लागते.

दुकानातील, चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीच्या मूळच्या वयस्कर कारागिरांना हे फारसे समजावून सांगावे लागले नाही. “ज्वाळा सुट्या करून बसवू, पण वेळ लागेल,” एवढेच ते म्हणाले. त्यांनी माथ्यावर कीर्तिमुख (सिंहासारखा उग्र चेहरा), दोन्ही बाजूंना मकर (मगरीसारखे पौराणिक प्राणी) आणि कमानीच्या कडेने 21 ज्वाळा, प्रत्येक स्वतंत्र डाग देऊन, जोडल्या आहेत. कीर्तिमुखाचे उठावकाम उत्तम आहे; मकरांच्या शेपट्या किंचित जाड वाटतात. परंतु संध्याकाळी समई लावली की एकेका ज्वाळेच्या टोकावर उजेडाचा वेगळा ठिपका उमटतो, आणि ज्यासाठी एवढी खटपट केली ते समोर दिसते.

घडणावळ चांदीच्या वजनापासून वेगळी दाखवली होती, हे चांगले. काम मात्र ठरल्यापेक्षा नऊ दिवस उशिरा मिळाले, त्यामुळे वसुबारस हुकली. शिवाय खालची एक खुंटी सैल निघाली. ती त्यांनी पैसे न घेता पुन्हा घट्ट करून दिली. पावतीवर वस्तूचे नाव ‘मखर’ असे लिहिले होते. मखरात मूर्ती बसवतात, प्रभावळ मूर्तीच्या पाठीशी असते. म्हणून ते खोडून तेथे ‘प्रभावळ’ असे लिहून घेतले.