टीमक्स: रात्रभर चालणाऱ्या कामांसाठी भरवशाचे साधन

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील आमच्या कार्यालयात जुन्या मराठी कागदपत्रांच्या स्कॅन प्रतींतून मजकूर काढण्याचे काम दूरच्या लिनक्स सर्व्हरवर रात्रभर चालते. आज्ञेच्या शेवटी & हे चिन्ह लावले की टर्मिनल (आज्ञा लिहिण्याची खिडकी) लगेच मोकळे होते खरे, परंतु एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणारी) जोडणी तुटल्यास प्रोग्रामला हँगअपचा, म्हणजे जोडणी संपल्याचा, सिग्नल मिळून तो बंद पडू शकतो; नोहप ही आज्ञा त्या सिग्नलपासून वाचवते, मात्र चालू प्रोग्रामला पुन्हा काही विचारता किंवा सांगता येत नाही. २००७ मध्ये आलेले टीमक्स, म्हणजे टर्मिनलमधील काम सर्व्हरवर सत्राच्या रूपात चालू ठेवणारा प्रोग्राम, ही उणीव फार चांगली भरून काढते. कंट्रोल-बी आणि मग डी दाबले की सत्र आपल्या टर्मिनलपासून अलग होते पण सर्व्हरवर चालूच राहते, आणि सकाळी घरून 'टीमक्स अटॅच' दिल्यावर रात्रीचे संदेश, अगदी उत्तराची वाट पाहणारा प्रश्नसुद्धा, जसाच्या तसा समोर येतो. माऊसने मागचा मजकूर पाहण्याची सोय मुळात बंद असते, हे नवख्यांना जाचक वाटेल. टीमक्सच्या कॉन्फिग (मांडणीच्या) फाइलमधील एका ओळीने ती सुरू होते. सर्व्हर रीबूट झाल्यास मात्र सत्रे उरत नाहीत, त्यामुळे कायम चालायच्या सेवा सिस्टमडीकडेच (लिनक्समध्ये सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रणालीकडे) सोपवाव्यात.