तीन रात्रींच्या मुक्कामात पारखलेला नांगर-संच

दहा मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीसाठी गेल्या हंगामात मी जो नांगर-संच घेतला, त्याची खरी परीक्षा लांबच्या प्रवासाच्या अकराव्या दिवशी, वाऱ्यामुळे एका खाडीत सलग तीन रात्री अडकून पडावे लागले तेव्हा झाली. संचात 15 किलो वजनाचा, पाठीवर कमान असलेला नांगर, 8 मिलिमीटर जाडीची 50 मीटर जस्त चढवलेली साखळी आणि साखळीचे हिसके सोसण्यासाठी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बांधायचा, टोकाला लोखंडी आकडा असलेला नायलॉनचा दोर एवढ्या वस्तू येतात. नांगराबद्दल माझी काहीही तक्रार नाही, साखळीबद्दल किरकोळ आहे. दोर मात्र उत्पादकाने संचात घातलाच नसता तर बरे झाले असते, असे माझे मत झाले आहे.

शेतातल्या आणि पाण्यातल्या नांगराला मराठीत एकच शब्द आहे, आणि जेफ्री टेलर या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने 1933 मध्ये फाळाच्या आकाराचा नांगर तयार केला तेव्हा हे साम्य आकारातही उतरले. या संचातला नांगर त्याच्या पुढच्या पिढीतला आहे. त्याचा फाळ टोकदार आणि पसरट असून मागची नळीची कमान त्याला तळावर पालथा पडून राहू देत नाही. ओढ लागताच तो कुशीवर वळतो आणि टोक वाळूत शिरते. पाच मीटर पाण्यात तो टाकून इंजिन हळूहळू उलटे चालवले, तेव्हा साखळी दोनदा थरथरली आणि मग बोट जागच्या जागी अडली. साखळीवर तळहात ठेवून पाहिल्यास नांगर फरफटत आहे की रुतला आहे हे लगेच समजते. फरफटणाऱ्या नांगराची खरखर लोखंडातून थेट हाताला जाणवते. त्या संध्याकाळी हाताला काहीही जाणवले नाही.

बॅरोमीटर त्याच दुपारी तीन तासांत 1009 वरून 1002 हेक्टोपास्कलवर आला होता. तीन तासांत सहापेक्षा अधिक उतार म्हणजे दाब अतिशय वेगाने पडत आहे असे हवामानशास्त्रात मानतात, त्यामुळे साखळी सोडताना कंजुषी करण्याचा प्रश्नच नव्हता. खोलीच्या किती पट साखळी सोडायची याचा हिशेब करताना अनेकजण केवळ पाण्याची खोली धरतात. वास्तविक त्यात पाण्यापासून नाळेची उंची आणि पुढच्या भरतीला चढणारे पाणी हेही मिळवावे लागते. माझ्या बाबतीत पाच, एक आणि दोन मिळून आठ मीटर झाले, आणि 50 मीटर साखळी पूर्ण सोडल्यावर सहापटीहून थोडे अधिक प्रमाण पडले. साखळीबद्दलची माझी किरकोळ तक्रार इथे येते: दर दहा मीटरवर बसवलेल्या प्लास्टिकच्या रंगीत खुणांपैकी एक पहिल्याच वेळी निखळून पडली, त्यामुळे अंधारात किती साखळी गेली याचा अंदाज कड्या मोजून घ्यावा लागला.

मध्यरात्रीनंतर वाऱ्याची सरासरी 30 नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास गेली आणि झोत 40 पर्यंत येऊ लागले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा त्याचा जोर चौपट होतो, आणि इथेच दोराचे काम सुरू होते. हलक्या वाऱ्यात साखळीचा झोळ धक्के गिळतो. पण उथळ पाण्यात जोराच्या झोताने साखळी ताणली गेली की तो झोळ जवळजवळ नाहीसा होतो आणि प्रत्येक हिसका थेट नाळेवरच्या खुंटाला बसतो. नायलॉन ताणले जाते म्हणूनच त्याचा दोर मध्ये घालतात. संचातला दोर मात्र अडीच मीटर लांब आणि 16 मिलिमीटर जाड होता. कामाच्या ओझ्याखाली नायलॉन आपल्या लांबीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके ताणते असे धरले, तरी अडीच मीटरला जेमतेम एक वीत मिळते, आणि दोर जाड असेल तर तेवढीही मिळत नाही. दिसायला तो भक्कम आहे यात शंका नाही, आणि बहुधा त्यासाठीच तो तसा दिलेला असावा. परंतु इथे भक्कमपणापेक्षा लवचीकपणा हवा असतो. त्या रात्री खालच्या बाकावर पडल्या पडल्या प्रत्येक झोताबरोबर बोटीच्या सांगाड्यातून धाडकन आवाज येत होता.

पहाटे तीनच्या सुमारास याहून वाईट घडले. दोन झोतांच्या मधल्या शांततेत साखळी सैल पडली, उघड्या तोंडाचा आकडा कडीतून निसटला आणि पुढच्या झोताला सगळा भार साखळी गुंडाळण्याच्या यंत्रावर आला, जे हा भार सोसण्यासाठी बनवलेलेच नसते. मी पावसात नाळेवर पोटावर सरपटत जाऊन जवळचा 12 मिलिमीटरचा दहा मीटर लांब नायलॉन दोर साखळीला वेढे घालून गाठीने बांधला आणि तो पूर्ण सोडला. धाडधाड थांबली. बोट आता झोताबरोबर मागे जाऊन हळूच परत येत होती, आणि अंगाला फरक इतका स्पष्ट जाणवला की राहिलेला अंधार मी झोपेत काढला.

नांगराने खरे गुण दाखवले ते दुसऱ्या सकाळी, वारा सुमारे 120 अंशांनी फिरला तेव्हा. अशा वेळी जुन्या घडणीचे नांगर कधीकधी उपटून येतात आणि पुन्हा रुतण्याआधी बरेच अंतर घसरतात. जीपीएसच्या पडद्यावर बोटीच्या हालचालीची रात्रभरात एक चंद्रकोर उमटली होती. दुपारपर्यंत तिच्या समोर दुसरी उमटली, आणि दोन्ही एकाच केंद्राभोवती होत्या. नांगर घसरल्याची सूचना देणारा भोंगा तिन्ही रात्रींत एकदाही वाजला नाही.

दोराबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. संचासोबत घर्षणापासून संरक्षणासाठी प्लास्टिकच्या नळीचा तुकडा मिळतो; तो ओला झाल्यावर दोरावरून सरकून भलतीकडेच जातो. दुसऱ्या रात्री नाळेच्या कडेपाशी हात फिरवला तर माझ्या दोराचे तंतू पिंजल्यासारखे मऊ लागले. मग जुन्या कॅनव्हासची पट्टी सुतळीने घट्ट शिवून लावली आणि दर चार तासांनी दोर वीतभर पुढे सोडत गेलो, जेणेकरून घासणारी जागा बदलत राहील.

वाळू आणि चिखलाच्या तळासाठी हा नांगर मी निःसंकोच सुचवेन. दाट शेवाळ किंवा खडक असलेल्या तळावर मी तो वापरलेला नाही, म्हणून त्याविषयी मत देत नाही. शक्य असल्यास नांगर व साखळी सुटी घ्यावी आणि दोर स्वतः निवडावा: दहा मीटरच्या बोटीला आठ ते दहा मीटर लांब, तीन पेडांचा, 12 मिलिमीटरचा नायलॉन दोर, आणि असे दोन, कारण एक झिजल्यावर दुसरा हाताशी लागतो. संचातला अडीच मीटरचा दोर मी आकडा काढून ठेवला आहे. बोटीमागे ओढायची छोटी होडी धक्क्याला बांधायला तो चांगला उपयोगी पडतो.