कोकरांच्या खुराकातल्या पुड्या: कोणती घ्यावी, कोणती दुकानातच ठेवावी

मटणासाठी बांधलेल्या कोकरांच्या नावाने दुकानदार जे जे काउंटरवर मांडतो, त्यात सगळ्यात साधी वस्तू सगळ्यात कामाची: नवसागर. कल्हईवाल्याचा नव्हे, पशुखाद्याच्या दर्जाचा अमोनियम क्लोराईड. नर कोकरांना मक्याचा भरडा आणि गव्हाचा कोंडा भरपूर मिळाला की आहारात स्फुरद (फॉस्फरस) वाढते, मूत्रमार्गात खडे धरतात आणि विकायला आलेले कोकरू लघवी अडकून मरते. नवसागराने लघवी आम्लधर्मी होते, खडे जमत नाहीत. प्रमाण एकूण कोरड्या आहाराच्या ०.५ टक्के, म्हणजे रोज ८०० ग्रॅम खाणाऱ्याला ४ ग्रॅम. चवीला वाईट, म्हणून आधी ५ किलो भरड्यात एकजीव करून मग मोठ्या ढिगात मिसळावा आणि वर गुळाचे पाणी शिंपडावे. जोडीला खुराकात १ ते १.५ टक्के चुनखडी पावडर हवीच. कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट नसेल तर एकटा नवसागर पुरत नाही.

खाण्याचा सोडा चांगला, पण मुदतीचा. खुराक वाढवताना पहिले दोन-तीन आठवडे १ टक्का द्यावा, पोटातली आम्लता आवरते. पुढे बंद करावा, कारण तो लघवी अल्कधर्मी करतो आणि नवसागराचे काम पुसून टाकतो. दोन्ही कायम चालू ठेवणारे गोठे पुष्कळ आहेत! आंत्रविषार (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा जीवघेणा रोग) मात्र सोड्याने टळत नाही. त्याची लस खुराक वाढवण्याआधी टोचावी लागते.

पचनाला मदत म्हणून देतात त्या जिवंत यीस्टच्या (किण्वाच्या) पुडीवर ग्रॅममागे किती पेशी ते छापलेले हवे. चांगल्या मालावर १,००० ते २,००० कोटी असतात. आकडा नसेल तर घेऊ नये. गरम आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) टाकले की यीस्ट मरते, पावसाळ्यात उघडी पुडी ओल धरते. खुराक जास्त असेल तिथेच याचे पैसे फिटतात. निव्वळ चाऱ्यावरच्या कोकरांना फरक जाणवेलच असे नाही.

गायी-म्हशींचे मिनरल मिक्स्चर कोकरांना अजिबात नको. त्यात किलोला १,२०० मिलिग्रॅम तांबे असेल आणि ते खुराकात २ टक्के घातले, तर खुराकाच्या दर किलोत २४ मिलिग्रॅमची भर पडते. युरोपात मेंढ्यांच्या पूर्ण खाद्याची कमाल मर्यादाच किलोला १५ मिलिग्रॅम आहे. मेंढीच्या यकृतात तांबे साठत जाते, महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही. मग एकदम डोळे पिवळे, लघवी गडद तांबडी, आणि जनावर हाती लागत नाही. मेंढ्यांसाठीचे वेगळे मिश्रण मागावे.

घटक न छापलेली ‘ग्रोथ पावडर’ कितीही स्वस्त असली तरी परत करावी. मोनेन्सिन (खाद्यात मिसळायचे एक औषध) असलेला खुराक पशुवैद्यकाने प्रमाण ठरवून दिल्याशिवाय नको. वाड्यावर ओझ्याची घोडी असेल तर तिचे तोंड त्या गव्हाणीला लागू देऊ नये. कोकरांना चालणारे प्रमाणही घोड्याच्या जिवावर उठते.