बजेट हेडफोन पाहिजे? सोनीचा झेडएक्स ११० बघा

म्हापशात एका मोबाईलच्या दुकानात घेतला, साधा वायरवाला स्टिरिओ. ३० मिमीचे ड्रायव्हर (आतले छोटे स्पीकर) आणि इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) कमी, २४ ओहमच, म्हणून फोनवरच मोकळा वाजतो, वेगळा अँप्लिफायर वगैरे कायच लागत नाही. घुमट आरतीचं रेकॉर्डिंग लावून बघितलं, घुमट आणि शामेळ ही दोन्ही तालवाद्यं वेगवेगळी कळतात, ह्या पैशात अजून काय पाहिजे!

गेमसाठी तर वायरच घ्या बाबा, ब्लूटूथमध्ये आवाज जरा उशिरा येतो, पिक्चर बघताना अ‍ॅप व्हिडिओच तेवढा उशिरा दाखवून जुळवून घेतं पण गेममध्ये तसं होत नाही, गोळी लागल्यावर आवाज ऐकून काय फायदा. आणि स्वस्त हेडफोनच्या डब्यांवरचं ७.१ (म्हणजे चहूबाजूंनी आवाज) बघून भुलू नका, आत बहुतेक दोनच स्पीकर असतात.

आता हा कानावर टेकणारा आहे, कान झाकणारा नाही, चष्मेवाल्यांना लांबलचक पिक्चरला टोचू शकतो. वायर १.२ मीटर, पीसी टेबलाखाली असेल तर एक्स्टेन्शन लागेल. माईक नाही, पाहिजे तर एपी वालं मॉडेल मागा. पावसात आपल्याकडे रेक्झिनची पॅडं सोलतात, कुठल्याही कंपनीची, वापरून झाला की पुसून ठेवा. फोनला जॅक नसेल तर टाईप-सी कनव्हर्टर दुकानातच लावून बघून घ्या.