सिजिलमासा ते माली उंटसेवा: निम्मी वाट नशिबाची, निम्मी राजाची

मोरोक्कोच्या दक्षिणेतल्या सिजिलमासाहून सहारा ओलांडून माली राज्याच्या वेशीवरचं वलाता आणि पुढे त्याची राजधानी माली शहर, अशी ही चौदाव्या शतकातली मालवाहतूक. १३५२ च्या फेब्रुवारीत मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याच काफिल्याबरोबर निघाला. सेवेचा कस त्याच्या नोंदींवरून लागतो.

उंट सिजिलमासातच घ्यावेत आणि चार महिने चारून मगच वाटेला लावावेत. २५ दिवसांनी तगाझा हे मिठाच्या खाणींचं गाव येतं. मुक्कामाला टाकाऊ जागा: घरं आणि मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर, झाड एकही नाही, पाणी मचूळ, माश्या बेसुमार. खाणीत मसूफा या वाळवंटी बर्बर टोळीचे गुलाम राबतात. त्यांचे खजूर उत्तरेकडून आणि बाजरी दक्षिणेकडून येते, त्यामुळे काफिला अडला की त्यांची उपासमार. परतीला तर गुलाम माणसंच माल म्हणून हाकली जातात. सेवा कितीही चोख असली तरी पूर्ण गुण इथेच कापले.

तगाझात पाणी नीट भरून घ्यावं, पुढचे दहा दिवस ते क्वचितच मिळतं. मग तासरहला हा पाणवठा. तिथे तीन दिवस थांबून पखाली दुरुस्त करायच्या, भरायच्या आणि वाऱ्याने पाणी सुकू नये म्हणून वरून जाडंभरडं कापड शिवायचं. ही शिलाई टाळू नये. उवा मराव्यात म्हणून गळ्यात पारा लावलेला दोरा बांधतात.

सेवेची कमजोर कडी इथून सुरू होते. तकशीफ, म्हणजे एकटा मसूफा जासूद, पत्रं घेऊन वलाताला पुढे जातो. मग तिथले लोक पाणी घेऊन चार रात्रींच्या वाटेवर सामोरे येतात. तो वाळवंटात हरवला तर वलाताला खबर लागत नाही आणि अख्खा काफिला तहानेने मरू शकतो. मजुरी १०० मिस्काल सोनं, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. महाग आहे, पण इथे घासाघीस करणारा मूर्ख.

वलातानंतर सगळं पालटतं. माली शहरापर्यंत २४ दिवस, पण काफिल्याची गरज नाही, एक वाटाड्या पुरतो. शिधाही नको: मिठाचे तुकडे, काचेचे मणी आणि थोडा मसाला दिला की गावोगावी बाजरी, दूध, कोंबडी मिळते. चोराचं भय नाही. उत्तरेकडचा व्यापारी वारला तर त्याचा माल राजा जप्त करत नाही, वारस येईपर्यंत विश्वासू माणसाकडे ठेवतात. या राज्यांची बरकत कशात होती ते इथे दिसतं.

मिठावर राजे जकात घेतात अशी कुरकुर होते, ती म्हणूनच पटत नाही. तीन शतकं आधी, घाना या जुन्या राज्याच्या काळात (आजचा घाना देश नव्हे), गाढवाच्या एका ओझ्याभर मिठाला आत येताना एक दिनार, बाहेर जाताना दोन, असा दर भूगोलकार अल-बक्रीने नोंदवला आहे. तांब्याच्या ओझ्याला पाच मिस्काल. सोन्याचे गोळे राजाचे, भुकटी प्रजेची, नाहीतर सोन्याचा भाव कोसळला असता. मीठ आणि सोनं जिथे भेटतं ती जागा सांभाळायची, हा राजाचा खरा धंदा.

आता हिशेब. एका उंटावर मिठाच्या दोन लाद्या. त्या ओझ्याला वलातात ८ ते १० मिस्काल, माली शहरात २० ते ३०, कधी ४०. तेव्हा वलाताला दमून माल फुंकू नये: जीवघेणी वाट मागे पडलेली असते आणि निम्म्याहून जास्त भाव अजून पुढे असतो.