‘अखंड सागवानी’ घोडा घेताय? आधी उलटा करून बघा

दादरच्या एका गिऱ्हाइकाने दिवाळीत १८,५०० रुपयांना घेतलेला लाकडी घोडा श्रावणात दुरुस्तीच्या टेबलावर आला. पुढचा डावा पाय खुराच्या दोन बोटं वर तुटलेला. घोडा पडला नव्हता, धूळ पुसताना नुसता कलला होता. विकणाऱ्याने तोंडी सांगितलेलं : अखंड सागवान, पूर्ण हातकोरीव, कारागिराचा दीड महिना गेलाय. पावतीवर मात्र एवढंच, ‘वुडन हॉर्स, १ नग’.

तुटलेली जागा आधी बघू. चांगलं लाकूड मोडतं तेव्हा लांब कुसळं निघतात. हा पाय खारी मोडावी तसा सपाट मोडला होता. पायात लाकडाचे तंतू उभे हवेत, गुडघ्यापासून खुरापर्यंत सलग. इथे ते नाकाकडून शेपटीकडे आडवे धावत होते, त्यामुळे पाऊण इंच जाडीच्या पायात वरून खाली जाणारा एकही तंतू नव्हता. पाय कसला, एकावर एक रचलेल्या चकत्या! असं करतो तो फळी वाचवणारा. चार इंच जाडीच्या लांब फळीवर एकामागे एक घोडे आडवे बसवले की वाया कमी जातं, आणि फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या राउटर मशीनला तंतूंचं सोयरसुतक नसतं. हाताने कोरणारा या वाटेला जात नाही, कारण पाय बारीक करायला घेतला की पटाशीखालीच तुकडा उडतो. तो एकतर उभ्या तंतूंचा ठोकळा घेतो, नाहीतर धड आडव्या तंतूंचं आणि पाय वेगळे, उभ्या तंतूंचे करून लाकडी खुंटीने बसवतो. तेव्हा ‘अखंड’ या शब्दावर भाळू नका. जोडकामाचा घोडा पुष्कळदा जास्त टिकतो.

दुकानात हे तपासायला मिनिटभर पुरतं. पायाच्या बाजूवर रेषा उभ्या दिसायला हव्यात आणि खुराच्या तळावर बारीक छिद्रं नि वलयांचे तुकडे. तळावर लांब रेषा दिसल्या तर तंतू आडवे. बहुतेक घोडे पाटावर स्क्रूने बसवलेले असतात, म्हणजे तळ झाकलेला. पाट काढून दाखवायला सांगा. या घोड्याच्या पाटाखाली हिरवी मखमल चिकटवली होती. ती सोलल्यावर चार स्क्रू निघाले आणि ते काढल्यावर खुराच्या तळाला खरं लाकूड दिसलं : फिकट, कोरडं. सागाच्या गाभ्याचा सोनेरी तपकिरी रंग नाही, हाताला तेलकटपणा नाही, घासल्यावर चामड्यासारखा येणारा वासही नाही. आंब्याचं लाकूड, वर तपकिरी रंग आणि पॉलिश. पाटावर पिठासारखा भुसाही पडलेला, कारण भुंग्याला आंब्याच्या लाकडातला स्टार्च आवडतो. सागाच्या गाभ्याला तो सहसा तोंड लावत नाही, पण सागाचा बाहेरचा पांढरट भागही तो खातो, म्हणून ‘साग आहे’ एवढ्यावर भागत नाही.

हातकोरीव की मशीनचं, हे मोबाइलच्या टॉर्चने कळतं. उजेड समोरून नको, घोड्याच्या पोटाला जवळजवळ टेकवून आडवा टाका. मशीनच्या गोल टोकाच्या बिटाच्या, म्हणजे फिरत्या पात्याच्या, रेघा समांतर, अगदी सारख्या अंतरावर असतात. पाठीवरच्या रेघा पॉलिश पेपरने घासून जातात, पण जबड्याखाली आणि मांड्यांच्या आत पेपर पोचत नाही, तिथे राहतात. पटाशीचे घाव लहानमोठे असतात आणि तंतूंबरोबर दिशा बदलतात. त्याच डिझाइनचा दुसरा घोडा मागा. आयाळीची प्रत्येक बट दोन्हींत त्याच जागी असेल तर हात कुणाचा लागला ते उघड आहे. मशीनवर रफ काढून हाताने फिनिश करणं ही फसवणूक नव्हे. ते लपवून हातकामाचा भाव लावणं ही आहे.

विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर टाका : पायांमधलं लाकूड कधी काढलं? हाताने करणारा ठोकळ्यावर बाजूची आणि समोरची आकृती काढतो, करवतीने बाहेरचं उडवतो, मोठ्या गोल पटाशीने धड आणि मान काढतो, पण पायांमधला भाग आणि कानांची जाडी शेवटपर्यंत राखतो. नाहीतर ठोकताना तेच आधी जातात. ज्याने काम केलंय किंवा समोर बघितलंय तो ‘सगळ्यात शेवटी’ असं पटकन सांगेल.

किमतीचाही हिशोब मांडा. चौदा इंच लांब, बारा उंच, चार जाड ठोकळा म्हणजे ६७२ घनइंच, साधारण ०.३९ घनफूट. रे रोडच्या वखारीत सागाचा त्या दिवशीचा घनफुटाचा भाव विचारा आणि गुणा. घोडा लाकडाच्याच किमतीत मिळत असेल तर मजुरी कुणी सोडली?

‘दोनशे वर्षांपूर्वीचा, राजवाड्यातला’ ही चोर बाजारातली आवडती कहाणी. शंभर वर्षांहून जुन्या लाकडी मूर्ती विकायचा धंदा करायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली परवाना लागतो, तो बघायला मागा. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकातला, तो मूळ जोडात दिसला तर दोनशे वर्षं विसरा. किड्यांची भोकं सरळ आरपार असतील तर ती ड्रिलची. किडा वाकडातिकडा जातो. ‘सावंतवाडीचा’ म्हणून गडद पॉलिशचा घोडा दाखवतात, पण सावंतवाडीची ओळख रंगवलेल्या खेळण्यांची आणि लाकडी फळांची.

ऑर्डर देऊन करवून घेत असाल तर कारागिराच्या व्हिडिओवर आगाऊ पैसे देऊ नका, तो व्हिडिओ कुणाचाही असू शकतो. ठोकळ्यावर पेन्सिलने तुमचं नाव आणि आकृती काढलेला फोटो मागा, मग पहिला हप्ता. पावतीवर लाकडाची जात, अखंड की जोडकाम, हाताचं की मशीनचं, हे लिहून घ्या. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, पैसे ऑनलाइन लुबाडले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३०. आणि ‘रिफंड’साठी यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही.

दादरच्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने पावतीच दाखवली : लाकडीच आहे ना? तुटलेल्या पायात सहा मिलिमीटरचं उभं भोक पाडून बांबूची खुंटी गोंदाने बसवली आहे. बाकीचे तीन पाय त्याच आडव्या तंतूंवर उभे आहेत.