जुने कपडे विकायचे, तर दुकानात की ॲपवर?

दिवाळीच्या आधी कपाटं आवरायची सवय अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात येऊनही सुटलेली नाही. सप्टेंबर संपत आला की आमच्या हॉलमध्ये कपड्यांचा ढीग पडतो. मुलीला तोकड्या झालेल्या जीन्स, घरून काम सुरू झाल्यापासून हात न लागलेले शर्ट, सेलमध्ये हौसेने घेतलेला आणि लेबलासकट तसाच राहिलेला एखादा कोट. मग दर वर्षीचा प्रश्न: हे गाडीत घालून जुने कपडे घेणाऱ्या दुकानात न्यायचं, की एकेकाचे फोटो काढून ॲपवर लावायचं?

मी आधी दोन वर्षं ॲपवर विकलं, त्यानंतरची पाचेक वर्षं दुकानात जातोय. म्हणजे माझा कल कुठे आहे ते उघड आहे, पण आमच्या घरातसुद्धा यावर एकमत नाही. बायको अजून ॲपवालीच आहे. त्यामुळे माझं म्हणणं थोडं जपूनच घ्या.

गुडविलसारख्या, दान घेणाऱ्या संस्थेला देऊन टाकण्याचा मार्ग आहेच, पण ते विकणं नव्हे. पावती मिळते, मात्र २०१८ पासून स्टँडर्ड डिडक्शन (करातली सरसकट सूट) इतकं वाढलंय की बहुतेक घरांना त्या पावतीचा करात काही उपयोग होत नाही. तो मार्ग उरल्यासुरल्या ढिगासाठी राखून ठेवू.

दुकानं तुम्ही पाहिली असतीलच. बफेलो एक्स्चेंज १९७४ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनला सुरू झालं, क्रॉसरोड्स ट्रेडिंग १९९१ मध्ये इथे बर्कलीत. प्लेटोज क्लोजेटकडे शाळा-कॉलेजच्या पोरांचे कपडे जास्त. पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच. पिशवी काउंटरवर ठेवायची, खरेदी बघणारी मुलगी एकेक कपडा उलगडते, चालणारा बाजूला ठेवते, न चालणारा तिथल्या तिथे परत करते. माल ठेवून घेऊन ‘विकला गेला तर पैसे’ असा प्रकार सहसा नाही. ठरलं की लगेच पैसे.

मला तर पहिल्याच दिवशी त्या काउंटरमागे बोहारीण दिसली. डोंबिवलीला दुपारच्या वेळी आई जिन्यातच गाठोडं सोडायची. बोहारीण पँट उजेडाकडे धरून बसायचा भाग बघायची, कॉलर उलटी करायची, साडीचा काठ बोटांत चोळायची आणि ‘हे तर पार विरलंय ताई’ म्हणत ढकलून द्यायची. मग दोन साड्या आणि तीन पँटींवर नुसतं पातेलं, की पातेल्यावर झाकणसुद्धा, यावर अर्धा तास. इथे कॉलर तशीच उलटी होते, काखेतली शिवण तशीच ताणून बघतात, पण घासाघीस नाही. सांगितला तो भाव. आई इथे आली होती तेव्हा तिला मुद्दाम घेऊन गेलो. सगळं शांतपणे बघितलं आणि शेवटी मला कोपराने ढोसून म्हणाली, ‘एवढ्यावर झाकण तरी माग.’

झाकण मिळतं, एका अर्थी. दुकान कपडा ज्या किमतीला विकणार, तिच्या साधारण पाव ते एकतृतीयांश रोख देतं. पण रोखीऐवजी त्याच दुकानात खरेदी करायला क्रेडिट घेतलंत तर बहुतेक ठिकाणी विक्रीच्या किमतीच्या निम्मी रक्कम. २४ डॉलरचं लेबल लागणार असलेल्या जॅकेटचे रोख ६ ते ८ डॉलर, क्रेडिट १२. तेच जॅकेट तुम्ही ॲपवर ३० ला काढलंत, तर पॉशमार्क हे ॲप २० टक्के कापून २४ देतं. पोस्टेज घेणाऱ्याच्या माथी. १५ डॉलरच्या खालच्या विक्रीला सरसकट २.९५ कापतात, म्हणजे १० डॉलरच्या टॉपचे तुमच्या हातात ७.०५. ईबे, मर्कारी, डेपॉप यांचे हिशेब वेगवेगळे, पण दुकानापेक्षा आकडा मोठा दिसतो हे खरं. बायकोचा सगळा युक्तिवाद या एका ओळीत आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

फक्त हे सगळं ‘विकलं गेलं तर’ आहे. पहिल्या वर्षी मी ३१ कपडे लावले. रविवारची सकाळ, खिडकीतला उजेड, पलंगावर पांढरी चादर, एकेकाचे चार-पाच फोटो, वर काखेपासून काखेपर्यंत किती इंच ते टेपने मोजून लिहायचं. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यातले नऊ गेले. उरलेले बावीस पलंगाखाली प्लास्टिकच्या खोक्यात. घालता येत नाहीत, कारण विकायला लावलेत. देऊन टाकता येत नाहीत, कारण उद्या कुणी मागितला तर? आणि मागणी यायची ती रात्री साडेअकराला. २५ डॉलरच्या शर्टाला ‘८ ला देणार का?’ एवढंच. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

तरी मी तिथेच चिकटून राहिलो असतो. माझा निकाल लावला तो एका मरिनो लोकरीच्या स्वेटरने.

गडद हिरवा, जेमतेम दोनदा घातलेला, कुठे गोळे आलेले नाहीत, कोपर शाबूत. एका ॲपवर (कुठल्या ते जाऊ दे) ३४ डॉलरला गेला. टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून, आभाराची चिठ्ठी घालून पाठवला. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी घेणाऱ्या बाईंची तक्रार: कपड्याला मसाल्याचा उग्र वास आहे. पहिल्यांदा माझं डोकंच फिरलं. आपलं नाव बघून लिहिलं असेल, इथपर्यंत मनात येऊन गेलं. मग कोट ठेवायचं कपाट उघडलं आणि माझाच दुसरा स्वेटर नाकाला लावला. हिंग. त्याच्या मागून मोहरी आणि थोडा लसूण. आमचं स्वयंपाकघर आणि हॉल एकच, शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, नुसती घरात फिरवतो, आणि कपाट शेगडीपासून पाच पावलांवर. वीस वर्षांच्या फोडण्या त्या लोकरीत बसल्या होत्या आणि घरातल्या तिघांपैकी एकाच्याही नाकाला पत्ता नव्हता.

चूक माझी, हे मला मान्य. पुढचं प्रकरण मात्र मान्य करणं जड गेलं. ॲपने पैसे अडकवून ठेवले आणि मला फोटो पाठवायला सांगितले. वासाचा फोटो कसा काढतात हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी सहा फोटो पाठवले, बाईंनी चार पाठवले, दहाही फोटोंत एकच हिरवा स्वेटर. अकरा दिवसांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि स्वेटर परत आला. आता त्याला लॅव्हेंडरचा वास होता. म्हणजे बाईंनी तो दोन-चार दिवस घालून धुतला असावा, असा आमच्या घरी संशय आहे. पुरावा अर्थातच नाही, वासाचाच मामला. पण एक चांदणी आणि खाली ‘मसाल्याचा वास’ ही ओळ माझ्या पानावर कायमची राहिली. त्यानंतर लोकरीचं काहीही खपलं नाही.

लॅव्हेंडर आठवडाभरात उडून गेलं आणि खालून हिंग परत वर आला. बेबी शाम्पूने धुऊन, बाल्कनीत सुकवून, तोच स्वेटर आणखी दहा कपड्यांबरोबर मी दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलीने बाह्या बघितल्या, तळची पट्टी बघितली, मग सहज कॉलर नाकाजवळ नेली. ‘स्वेटर छान आहे, पण वास राहिलाय, आज नाही घेता येणार.’ नाव नाही, गाव नाही, चांदणी नाही. अर्ध्या मिनिटात नकार मिळाला आणि तिने पुढचा शर्ट उचलला. अकरापैकी सहा घेतले. घरी येताना माझ्या लक्षात आलं की नकार मिळूनही मला बरं वाटतंय. ॲपवर ‘नाही’ कळायला वर्ष लागतं, आणि कधीकधी ‘हो’ म्हणून झाल्यावर ‘नाही’ येतं.

आता दुकानाची गाऱ्हाणी, कारण तीही कमी नाहीत. शनिवारी दुपारी गेलात तर तास मोडतो. मी बुधवारी सकाळी जातो. विक्रेत्याला सरकारी फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं. मी पहिल्यांदा पाकीट गाडीत विसरलो होतो आणि गाडी तीन गल्ल्या पलीकडे लावलेली. तुम्ही किती पैसे मोजले होते याच्याशी त्यांना कर्तव्य नाही, आत्ता त्यांच्या गिऱ्हाइकाला काय हवंय तेवढंच. कोट सप्टेंबरात न्या, मार्चमध्ये नेलात तर उचलून परत आणाल. स्वस्तातल्या फॅशनच्या साखळी दुकानांचा माल क्वचित घेतात. कुर्ते मी तीनदा नेले, तीनदा परत आले. एक ठशांच्या छपाईचं अर्धं जॅकेट मात्र त्या मुलीने हातात घेतल्यावर खाली ठेवलंच नाही. आणि पहिल्यांदा जाल तेव्हा मागे रांग उभी असताना चौदापैकी अकरा कपडे तुमच्याकडे परत सरकवले जातील. कान गरम होतात, हे सांगून ठेवतो.

काय घेतील याचा अंदाज मला अजून येत नाही. शिकायला आलो तेव्हा एका गराज सेलमध्ये ३ डॉलरला घेतलेली लिवाइसची जीन्स होती, गुडघ्यावर पांढरी पडलेली. आतल्या लेबलावर ‘अमेरिकेत बनवलेली’ असं होतं. लिवाइसने अमेरिकेतले आपले शेवटचे कारखाने २००४ च्या सुमारास बंद केले, त्यामुळे त्या जुन्या जीन्सना मान आहे. ढीग भरायला म्हणून टाकली होती. दुकानाने तिच्यावर ६० चं लेबल लावायचं ठरवलं, मला क्रेडिटचे ३० मिळाले. तिच्याच खाली नवाकोरा, इस्त्री केलेला शर्ट होता, तो परत.

खिसे तेवढे तपासून न्या. पुण्याच्या एका लग्नात घातलेला ब्लेझर काउंटरवरच्या मुलीने उलटा केला आणि काउंटरवर अक्षता सांडल्या. पिवळ्या, कुंकवाचे डाग पडलेल्या, आणि एक सुपारी. ‘हे तांदूळ आहेत का?’ म्हणाली. लग्नात नवरा-नवरीवर टाकतात म्हटल्यावर तिने शेजारच्या मुलाला बोलावून दाखवल्या. ब्लेझर घेतला. सुपारी मला परत दिली, ती पाकिटात आहे.

क्रेडिटचा सापळा मात्र खरा आहे. निम्मी किंमत मिळते म्हणून घ्यायचं, आणि सहा कपडे देऊन चार घेऊन घरी यायचं. ढीग होता तिथेच. आमच्याकडे तोडगा असा निघाला की क्रेडिट मुलीचं. ती सोळाची आहे, तिला नवं-जुनं असा काही भेद वाटत नाही आणि एका जॅकेटसाठी ती तीन महिने थांबू शकते. ज्यांच्या घरी असं कुणी नाही त्यांनी रोखच घ्यावेत, कमी असले तरी.

एखादी महागडी पर्स, नावाजलेल्या कंपनीचा न घातलेला कोट, असं पाच-सहा नग असतील तर ॲपच बघा. तिथे दुकान फार कमी देईल आणि पाच वस्तूंचे फोटो काढायला कुणाची हरकत नाही. बायकोने मागच्या महिन्यात एक पर्स अशीच विकली, आणि मला किती मिळाले ते दोनदा सांगितलं. पण पिशवीभर साधेसुधे बरे कपडे असतील, जागा कमी असेल आणि रात्री साडेअकराला आठ डॉलरवर वाद घालायची हौस नसेल, तर मी दुकानात जाईन. आधी सगळं दोन दिवस बाल्कनीत वाऱ्याला टाका. नाकाची परीक्षा घरच्यांकडून घेऊ नका, शेजाऱ्याला हुंगायला द्या.

हिरवा स्वेटर अजून आमच्याकडेच आहे. थंडीत सकाळी पोह्यांची फोडणी करताना मी तोच घालतो.